वॉकओव्हरवर दोन सह्या

फुटबॉल मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतला. हातात घेतला असंच म्हणते, कारण पायाने मारायची हिंमत व्हायला आणखी काही दिवस गेले. मी खो-खोची. मनोरच्या शाळेत शिकले. वडील तिथल्या भाताच्या गिरणीत पोती उचलायचे आणि आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. शाळेतल्या बाईंनी स्वतः अर्ज आणून भरला नसता, तर शारीरिक शिक्षणाची पदवी असते हेसुद्धा आम्हाला कळलं नसतं. त्यामुळे विरारच्या कॉलेजात नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी मुलींचा फुटबॉल संघ उभा करायला सांगितलं, तेव्हा 'मला येत नाही' हे शब्द तोंडातून निघाले नाहीत. नोकरी देणाऱ्याला नाही म्हणता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

ऑफसाइड मला नंदाखाल गावातल्या एका खेळाडूच्या काकांनी शिकवला. जेवणाच्या टेबलावर त्यांनी केळी मांडली. ही दोन केळी बचाव करणारी, हे एक चढाई करणारं आणि मिठाची बरणी म्हणजे गोलकीपर. दोनदा समजावूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही, तेव्हा त्यांनी चढाई करणारं केळं उचललं, सोलून खाल्लं आणि म्हणाले, "हा आधीच पुढे जाऊन उभा राहिला, म्हणून बाद." मग कळलं.

क्रीडाशिक्षक म्हणजे शिट्टी आणि ट्रॅकसूट, अशी बाहेरच्यांची समजूत असते. आमच्या स्टाफरूममध्येही होती. "मॅडम, तुमचं बरं आहे, पेपर तपासायचे नाहीत," असं दर परीक्षेला कोणी ना कोणी ऐकवायचं. प्रत्यक्षात या कामाचा निम्मा भाग कागदांचा असतो आणि उरलेला बराचसा दोरीचा, सुतळीचा, चिकटपट्टीचा. हंगामाच्या आधी प्रत्येक मुलीचा पात्रता अर्ज भरायचा. दहावीचं प्रमाणपत्र, प्रवेशाची पावती, फोटो, फोटोवर अर्धा येईल असा शिक्का. एका मुलीच्या नावात आईचं नाव राहिलं तर ती मैदानाबाहेर. सामन्याच्या दिवशी सकाळी फक्कीने रेषा मारायच्या, गोलच्या जाळ्या सुतळीने बांधायच्या, भोकं असतील तिथे गाठी मारायच्या. मुलींच्या कानातलं काढून घ्यायचं. जे निघत नाही त्यावर चिकटपट्टी. कोणाची पाळी असेल तर तिने ती मला न लाजता सांगावी, इतकी ओळख आधीच करून ठेवायची. आणि सगळ्यांचे मोबाइल एका मोठ्या स्टीलच्या डब्यात गोळा करायचे. हा डबा माझ्या घरचा, एरवी चिवड्याचा. त्यामुळे सामना संपल्यावर मुलींच्या मोबाइलला कढीपत्त्याचा वास यायचा.

एक नियम मात्र सांगायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. दिलेल्या वेळेला एखादा संघ आला नाही, किंवा कमीत कमी सात खेळाडू उभे करू शकला नाही, तर पंच पंधरा मिनिटं थांबतात. त्यानंतर हजर असलेल्या संघाने ठरवायचं. थांबायचं असेल तर पंचांना तसं सांगायचं. नसेल तर एक छापील अर्ज असतो, त्यावर संघाच्या व्यवस्थापकाने आणि कर्णधाराने सही करायची. याला वॉकओव्हर म्हणतात. न खेळता सामना तुमचा. निकालात तीन-शून्य लिहिलं जातं. सह्या दोन लागतात आणि एक जरी नसली तरी अर्ज चालत नाही.

मी सांगते आहे तो हंगाम माझ्या निवृत्तीच्या दीड वर्ष आधीचा. युद्ध आपल्या देशाचं नव्हतं. पण त्या हिवाळ्यात तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊ लागली होती. अशा जहाजांवर काम करणारी माणसं आमच्या किनाऱ्यावरच्या गावागावात आहेत. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर असायची. आमच्या मैदानावर ती रोज पहिल्या पानावर होती.

माझ्या संघातल्या सोळा मुलींपैकी चौघींच्या घरचं माणूस जहाजावर होतं. त्यातली एक कर्णधार ग्लेंडा. नंदाखालची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे पप्पा जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर. मधल्या फळीत खेळायची. बोलायची कमी, पण चेंडू कुठे जाणार हे तिला चेंडूच्या आधी कळायचं. शिकवून येणारी ती गोष्ट नाही, म्हणून मी तिचं श्रेय कधी घेतलं नाही. ग्लेंडाला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. मागच्या वर्षी घोटा दुखावल्यामुळे निवड चाचणी हुकली होती आणि हे तिचं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या मुलीला पुढे खेळाडूंच्या राखीव जागांतून नोकरीची दारं उघडतात. पण नोकरीचं गणित ती करत नसावी. तिला एकदा मोठ्या मैदानावर, आपल्याहून चांगल्या मुलींबरोबर खेळून बघायचं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही बुटाची नाडी बांधताना, खाली बघत.

जहाजं कुठे आहेत हे दाखवणारं एक ॲप असतं. नकाशावर प्रत्येक जहाजाचा छोटा हिरवा बाण. ग्लेंडाच्या पप्पांचं जहाज सगळ्या संघाच्या मोबाइलमध्ये होतं. सरावाला आल्या की मुली आधी बाण बघायच्या, मग बूट घालायच्या. आमची गोलकीपर सानिका चंदनसारची. तिच्या घराण्यात कोणी होडीतसुद्धा बसलं नव्हतं, पण तिला जहाजांचे मार्ग, कालवे, सामुद्रधुन्या तोंडपाठ झाल्या. भूगोलाच्या सरांनी ऐकलं असतं तर डोळ्यात पाणी आलं असतं त्यांच्या.

धोक्याच्या पट्ट्यात शिरताना कप्तान जहाजाची ती खूण बंद करतो. आपण कुठे आहोत हे कोणाला दिसू नये म्हणून. तेव्हा नकाशावरचा बाण नाहीसा होतो. जहाजावरचं इंटरनेटही बंद ठेवतात. हे मला आधी माहीत नव्हतं. उपांत्यपूर्व फेरीच्या आदल्या दिवशी ग्लेंडाचा बाण गेला आणि सानिकाने मला हे समजावून सांगितलं. "मॅडम, बाण गेला म्हणजे जहाज गेलं असं नसतं. उलट सेफ असतं ते. सिग्नल ऑफ केलाय फक्त." हे ती मला सांगत होती, पण आवाज इतका मोठा होता की ते ग्लेंडासाठी होतं हे कोणालाही कळलं असतं.

त्या संध्याकाळी मी ग्लेंडाच्या घरी फोन केला. आई म्हणाली, चर्चमध्ये सकाळच्या मिस्सात प्रार्थनेसाठी त्यांचं नाव दिलंय, बाकी आपल्या हातात काय. मग तिने फोन लेकीला दिला. मायलेकी मध्येच आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या. ती बोली मला इतक्या वर्षांनंतरही अर्धीच कळते. उद्या घरी थांबायचं असेल तर थांब, असं मी ग्लेंडाला सांगितलं. ती म्हणाली, "नाही मॅडम. येते."

इथपर्यंतच्या त्या हंगामाबद्दल दोन ओळी. पहिला सामना आम्ही दोन-शून्य जिंकलो. दुसऱ्यात सानिकाने पेनल्टी अडवली आणि त्या आनंदात स्वतःच्याच गोलच्या खांबावर डोकं आपटून घेतलं. तिसरा ग्लेंडाने जवळजवळ एकटीने जिंकून दिला. माझ्या सगळ्या नोकरीत आमचा मुलींचा संघ उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधीच गेला नव्हता. प्राचार्य स्वतः दोनदा जिमखान्यात डोकावून गेले होते. मला त्याचं फार वाटत होतं. ते लपवत नाही.

सामना आमच्याच मैदानावर, दुपारी साडेतीनला. विद्यापीठाच्या निवड समितीतल्या एक बाई तो बघायला येणार होत्या. त्या स्वतः जुन्या खेळाडू. दर वर्षी दोन-चार सामने बघून चाचणीसाठी मुलींची नावं काढायच्या. तीनला त्या आल्या, टोपी घालून सावलीत खुर्चीवर बसल्या, वही काढली. पंच आले. रेषा मारलेल्या, जाळ्या बांधलेल्या. आमच्या मुली धावून अंग गरम करत होत्या. डब्यात मोबाइल गोळा करताना मी ग्लेंडाचा तेवढा बाजूला ठेवला आणि सामना चालू असताना तो माझ्या हातात राहील असं तिला सांगितलं. तिने मान हलवली.

साडेतीन वाजले. समोरचा संघ नाही. तो वसईकडचा, बऱ्याच मुली कोळीवाड्यातल्या. त्यांचे सर तरुण, तासिका तत्त्वावरचे. त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, एका मुलीच्या घरी अडचण आहे. निघतोय आम्ही. थोडं थांबता का?"

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. 'घरी अडचण आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याला अर्थच उरला नव्हता. टायर पंक्चर झालं, सरांच्या मुलाचं बारसं आहे, एका मुलीचा उपास आहे. संघ जमत नसला की ऐन वेळी घरी अडचण येते. मीही हे वाक्य एक-दोनदा वापरलं असेल. त्यामुळे मी विचारलं नाही. 'काय अडचण?' एवढे दोन शब्द. विचारायला पाच सेकंदही लागले नसते. 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवला.

पावणेचार झाले. पंचांनी घड्याळ बघून माझ्याकडे बघितलं. त्यांना नंतर दुसरीकडे जायचं होतं, पण पावणेपाचपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. ठरवायचं मी होतं.

मी स्वतःला काय सांगितलं ते नीट आठवतं. पोरीचा बाप युद्धाच्या तोंडात आहे, बाण दिसत नाही, सकाळपासून जेवलेली नाही, आज तिला खेळावं लागलं नाही तर बरंच आहे. हे खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरंही होतं. उपांत्य फेरी. न खेळता, न हरता, हातात. दोन्ही एकत्र होतं म्हणूनच मला पहिलं खरं वाटलं.

मी अर्ज काढला, सही केली आणि ग्लेंडाला हाक मारली.

तिने अर्ज वाचला. "थांबू या ना, मॅडम."

पंधरा मिनिटं झाली आहेत, असं मी म्हणाले.

"ते येतायत म्हणाले ना सर."

सगळे असंच म्हणतात, असं मी तिला समजावलं. अगं, तुलाही आज आरामच हवाय, घरी जा, आईजवळ बस. तिने पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. मागे उभी राहिलेली सानिका काहीतरी बोलणार होती, ती गप्प बसली. मग मी जरा आवाज चढवला. म्हणाले, व्यवस्थापक मी आहे, जबाबदारी माझी आहे.

"तुम्ही सांगता म्हणून करते," ग्लेंडा म्हणाली आणि तिने सही केली.

पंचांनी अर्ज घडी करून खिशात घातला. निवड समितीच्या बाईंनी वही मिटली. त्यांना मी चहा देऊ केला, पण त्यांना लांब जायचं होतं. कर्णधार कुठली ते त्यांनी विचारलं. मी ग्लेंडाकडे बोट दाखवलं. ती तेव्हा कोपऱ्यातला झेंडा उपटत होती. "बघायची होती," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू." त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, अर्जावर सही करताना त्या खुर्चीवरच्या बाई माझ्या डोक्यातच नव्हत्या.

ग्लेंडा झेंडे घेऊन आली. तिचा मोबाइल मी तिला दिला. तिने तो न बघताच पिशवीत टाकला आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, सामन्याची सत्तर मिनिटं मला बाण बघायचा नव्हता. एवढंच होतं."

मी डबा उघडून बाकीच्या मुलींचे मोबाइल वाटले आणि मग सगळ्यांचा चहा-नाश्ता झाला.

आम्ही जाळ्या सोडत होतो. एक उतरली होती, दुसरीच्या गाठी सुटत नव्हत्या. पाचला वीस कमी असताना फाटकातून दोन रिक्षा आणि एक मॅजिक गाडी आत आली. तेरा मुली आणि त्यांचे सर. सगळ्यांच्या अंगावर जर्सी, काहींचे बूट हातात.

अडचण होती ती त्यांच्या गोलकीपरची, रसिकाची. तिचा मोठा भाऊ जहाजावर. त्याच्याच कंपनीच्या एका जहाजावर हल्ला झाल्याचं सकाळी कळलं. कुठल्या जहाजावर ते कळेना आणि त्याचा फोन लागेना. अर्धा कोळीवाडा तिच्या दारात जमला. संघातल्या मुली तिला आणायला गेल्या होत्या, त्या तिथेच बसून राहिल्या. गोलकीपरशिवाय निघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. चारच्या सुमारास भावाचा फोन आला. तो दुसऱ्या जहाजावर होता आणि सुखरूप होता. रसिकाने तोंड धुतलं, जर्सी घातली आणि सगळ्या निघाल्या.

हे सगळं त्यांचे सर मला सांगत होते आणि मी हातातली सुतळी गुंडाळत होते. पंच गेले होते. अर्जही गेला होता. तो परत आणता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते भांडले नाहीत. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

बोलल्या त्या मुली. सानिकाला गप्प राहवलं नाही. "आम्ही तर जिंकलो पण. थ्री-झिरो."

रसिका गोलजवळ उभी होती. म्हणाली, "न खेलता जिंकनारी टीम पयल्यांदा बघते मी."

"अगं, तुम्ही यायचं ना मग वेळेवर."

"आमी आलो ना. तुमीच जाल्या काढताय."

यावर दोन्हीकडच्या काही जणी हसल्या. ग्लेंडा हसली नाही. ती रसिकाजवळ गेली आणि भाऊ कसा आहे ते विचारलं. मग ग्लेंडाचे पप्पा कुठे आहेत तेही दोघींत बोलणं झालं असावं, कारण रसिकाने तिच्या दंडाला हात लावलेला मी पाहिला. ग्लेंडा परत आली आणि तिने माझ्या हातातली सुतळी मागितली. परवानगी नव्हती मागितली, सुतळी मागितली.

जाळ्या पुन्हा बांधल्या. उजेड सहापर्यंतच होता, म्हणून पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव ठरवले. पंच म्हणून मीच उभी राहिले. एका बाजूची व्यवस्थापक पंच होते, हे कुठल्याही नियमात बसत नाही. पण त्या दिवशीचा माझा नियमांचा हिशोब तसाही बिघडलेला होता. बघायला फक्त ते सर, कॉलेजचा वॉचमन आणि मॅजिकवाला. मॅजिकवाला आधी गाडीत बसून होता, नंतर रेषेवर येऊन ओरडायला लागला. कोणाच्या बाजूने ते शेवटपर्यंत कळलं नाही.

इतकी वर्षं मी मुलींचे सामने बघितले. त्या दिवशीसारखी ग्लेंडा मी आधी पाहिली नव्हती. ती कोणाला काही दाखवायला खेळत नव्हती, दाखवायला कोणी नव्हतंच. पहिल्या डावात तिने पंचवीसेक पावलांवरून डाव्या पायाने गोल केला. चेंडू खांबाला घासून आत गेला आणि रसिका उठून टाळ्या वाजवून म्हणाली, "असा पन मारतात?" दुसऱ्या डावात त्यांनी दोन केले. दुसरा गोल ऑफसाइड होता की नव्हता यावर सानिका आजही माझ्याशी वाद घालते. नव्हता. आम्ही दोन-एक हरलो. मुलींनी हात मिळवले आणि आमच्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी संपवल्या.

विद्यापीठाच्या कागदावर तो सामना आम्ही तीन-शून्य जिंकलेला आहे.

चार दिवसांनी उपांत्य सामना झाला. बाण अजून दिसत नव्हता. आम्ही चार-शून्य हरलो. ग्लेंडा वाईट खेळली असं म्हणता येणार नाही. ती तिथे नव्हती. निवड समितीकडून त्या दिवशी कोणी आलं नव्हतं, आलं असतं तरी उपयोग झाला नसता. बाण आणखी चार दिवसांनी, म्हणजे एकूण नऊ दिवसांनी परत दिसला. सानिकाने भर व्याख्यानात किंचाळून वर्गाबाहेर जायची शिक्षा घेतली आणि मैदानाकडे धावत सुटली.

त्या आठवड्यात मी निवड समितीच्या बाईंना पत्र लिहिलं. पत्र लिहायचं मला उपांत्य सामना हरल्यावरच सुचलं, हेही इथे नोंदवून ठेवते. जिंकलो असतो तर सुचलं असतं का, माहीत नाही. पत्रात सगळं लिहिलं. पंच थांबायला तयार होते, कर्णधाराने थांबू या असं सांगितलं होतं, वॉकओव्हरचा निर्णय माझा एकटीचा होता, आणि नंतर तो सामना खेळला गेला व आम्ही दोन-एक हरलो. माझ्या चुकीसाठी मुलीची संधी जाऊ नये, तिला चाचणीला बोलवावं, अशी विनंती केली. नियमाप्रमाणे पत्र प्राचार्यांमार्फत जावं लागतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, जिंकलेला सामना आपण हरलो, असं विद्यापीठाला कळवणाऱ्या तुम्ही पहिल्याच असाल." मग चष्मा काढला, पुसला आणि सही केली.

बाईंनी ग्लेंडाला चाचणीला बोलावलं. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. त्यांनी पंचांना आणि त्या दुसऱ्या सरांना फोन करून खात्री करून घेतली होती. तीन दिवस चाचणी चालली. ग्लेंडाचं नाव राखीव खेळाडूंत आलं. संघ बाहेरगावी गेला तेव्हा राखीवमधल्या दोघींना नेलं, ती तिसरी होती. ज्या मुली निवडल्या गेल्या त्यांचे पाच-सहा सामने बघितले गेले होते. तिला मिळाले तीन दिवस. तेव्हा ती हरली की मी तिला उशिरा पोचवलं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. तिने कधी विचारलं नाही. आता ती सातिवलीच्या एका कंपनीत हिशेब बघते आणि रविवारी गावातल्या मुलींना शिकवते.

तिचे पप्पा करार संपवून घरी आले ते उन्हाळ्यात. निकालाच्या दिवशी लेकीबरोबर कॉलेजात आले आणि ती रांगेत असताना जिमखान्यात मला भेटायला आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस, पांढरा शर्ट इस्त्रीचा. मी बसायला सांगितलं. इकडचं तिकडचं झालं. त्या नऊ दिवसांबद्दल त्यांनी फार सांगितलं नाही. रात्रंदिवस इंजिनचा आवाज असतो, खाली काही कळत नाही, वरच्यांना जास्त भीती, एवढंच. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हसले. इंटरनेट परत सुरू झालं तेव्हा मोबाइलवर पहिला निरोप लेकीचा होता. तो त्यांनी जेवणघरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. तो त्यांना पाठ होता: "पप्पा, आज आम्ही दोन-एक हरलो. एक गोल मी मारला. तुम्ही नीट राहा."

"जहाजावर सगळ्यांना वाटलं, हरल्याचं हा माणूस एवढं काय खुशीत सांगतोय," ते म्हणाले. "पण एक मला कळलं नाही, मॅडम. क्वार्टर फायनलला हरलात, मग सेमीफायनल कशी काय खेळलात? हिला विचारलं तर म्हणते, असतं काहीतरी फॉर्मचं."

फॉर्मचंच होतं, असं म्हणून मीही सोडून देऊ शकले असते. मी त्यांना सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं, न विचारलेली अडचण, खुर्चीवरच्या बाई, अर्ज. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"आणि तिने सही केली?" त्यांनी विचारलं.

"मी करायला लावली."

त्यांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणून सांगितलं नाही तिने. तुमचं नाव आलं असतं ना त्यात."

एकतीस वर्षांत किती मुलींच्या घरी मी फोन केले असतील, की ती माझ्याबरोबर होती, उशीर माझ्यामुळे झाला, तिला बोलू नका. मुलींना पाठीशी घालणं हा माझ्या कामाचाच भाग होता. त्यांच्यातली एक इतके महिने मला पाठीशी घालत होती, आपल्या बापापासूनसुद्धा, हे मला त्या खोलीत बसून कळलं. निकाल घेऊन ग्लेंडा दारात आली. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"सांगितलंत ना, मॅडम," ती म्हणाली. "सांगायची काही गरज नव्हती."